वाकडा दस्ता

१

लाम्बर्ट विझर यांना त्या उन्हाळ्यात एकच उद्योग होता. आमच्या दुकानात यायचं, तीन रायफली आळीपाळीने खांद्याला लावायच्या आणि तिन्हींना नावं ठेवायची. जूनमध्ये ते एकदाच आले, जुलैत दर आठवड्याला, आणि ऑगस्ट लागला तसे एक दिवसाआड यायला लागले. माझा धाकटा भाऊ किलियान पुढचं दुकान आणि लोखंडकाम बघतो, मी मागच्या कारखान्यात बंदुकांचे लाकडी दस्ते घडवते. त्यामुळे त्यांची पहिली कटकट किलियान ऐकून घ्यायचा आणि मग "झिटाला विचारा" म्हणून त्यांना माझ्याकडे पिटाळायचा.

तिन्ही रायफली तशा सख्ख्या बहिणीच. गोळी एकच, सात मिलिमीटरची. नळी साठ सेंटिमीटरची. तिन्हींचा बोल्ट, म्हणजे गोळी आत सारणारा दांडा, हातानेच उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलून खाली दाबायचा. फरक होता तो दस्त्यात. पहिलीचा दस्ता काळ्या प्लॅस्टिकचा. पावसात फुगत नाही, बर्फात आक्रसत नाही, पण बोटाने टकटक केलं तर रिकाम्या डब्यासारखा वाजतो. दुसरीचा दस्ता लाकडाच्या पातळ पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेला. बैलासारखा मजबूत आणि तितकाच जड. दिवसभर डोंगर चढायचा असेल तर अर्धा किलो जास्त म्हणजे काय ते पाचव्या तासाला कळतं. तिसरी आमची, इथे फेर्लाख गावातच घडलेली. तिचा बोल्ट उचलायला जरा जास्त हात फिरवावा लागतो, पण सरकतो असा की डोळे मिटून चालवावा. दस्ता अक्रोडाचा. अक्रोड हवेप्रमाणे थोडा हलतो, लाड करून घेतो, दरवर्षी अळशीचं तेल मागतो. माझं मत विचारलंत तर अक्रोडाखेरीज दुसरं काही गालाला लावू नये. पण मी दस्ते विकते, माझं मत कोण विचारतंय?

लाम्बर्टना तिन्ही पटत नव्हत्या. पहिलीवर गाल कुठे टेकवायचा तेच कळत नाही म्हणाले. दुसरीच्या दुर्बिणीची काच मळकी आहे म्हणाले. किलियानने ती तीन वेळा पुसून दिली, तरी मळकीच. तिसरीला तर त्यांनी खोटारडी ठरवलं. किलियान मागे येऊन मला हळूच म्हणाला की म्हाताऱ्याला रायफल नकोय, बायको हवीय. मी त्याला कानस फेकून मारणार होते. लाम्बर्टची हिल्डा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. ते वर डोंगरात, त्सेल गावाच्या वाटेला एकटे राहायचे, त्यांची कुत्री आस्टा आणि ते. जन्म जंगलखात्यात झाडं तोडण्यात गेला. असंच एक झाड डाव्या खांद्यावर पडलं होतं. तो हात नळीखाली धरण्यापुरता उठतो, पण त्या खांद्यावर बंदुकीचा धक्का सोसवत नाही.

शिकार एवढीच त्यांची राहिली होती. आणि गेल्या शरदात त्यांच्या गोळीने एक हरिणी नुसती जखमी झाली. दोन दिवस आस्टाला घेऊन ते तिच्या रक्ताच्या मागावर फिरले, तिसऱ्या दिवशी सकाळी ती सापडली. त्यानंतर त्यांनी गोळी झाडली नव्हती. आमच्याकडे असली गोष्ट कुणी तोंडावर बोलून दाखवत नाही, पण सगळ्यांना माहीत असते.

ऑगस्टच्या शेवटी ते मागच्या दाराने थेट माझ्याकडे आले.

"झिटा, एक शेवटची करून दे. तुझ्या हातची, अक्रोडाची. बसली तर बसली. नाहीतर ठेवून देईन."

"रायफल?"

"सगळंच," ते म्हणाले. आज ढग आलेत, असं म्हणावं तसं.

मी हसले. मग माप घ्यायला टेप काढली, तर त्यांनी हात झटकला. "माझं माप तुझ्या भिंतीवर आहे, पोरी. तुझ्या बापानं घेतलंय."

होतंच. आमच्या कारखान्याची ही रीत आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या दस्त्याच्या आकाराचा पुठ्ठा कापायचा, त्यावर नाव लिहायचं आणि खिळ्याला टांगायचा. माणूस गेला की पुठ्ठा उतरवून त्याच्या शवपेटीत ठेवायचा. एकोणीस पुठ्ठे मी स्वतः ठेवले आहेत. कोपऱ्यात एक बिननावाचा आहे, आजोबांच्या वेळचा, विचित्र बाक असलेला. तो कुणाचा ते वडिलांनाही माहीत नव्हतं. असू दे, म्हणायचे.

वडील मात्र ओळखीच्या माणसाचंही माप दर वेळी नव्याने घ्यायचे, आणि नेमाचा डोळा कुठला ते बघायला हात लांब करून अंगठा धरायला लावून एकेक डोळा मिटायला सांगायचे. गावच्या पाद्रीबाबांनासुद्धा त्यांनी सोडलं नव्हतं. मी टेप परत खिशात घातली. मला तेव्हा घाई होती.

२

दस्ता घडवण्यात करवत-रंधा हा सोपा भाग. कठीण ते लोखंड, म्हणजे नळी आणि बोल्ट, लाकडात बसवणं. रॉकेलच्या दिव्यावर धरून लोखंडाला काजळी लावायची, खाचेत दाबायचं, उचलायचं. लाकडावर जिथे काळं उमटलं तिथे ते टोचतंय, तिथून पटाशीने केसभर काढायचं. पुन्हा काजळी, पुन्हा दाब. असं दोन-तीनशे वेळा. काजळी खोटं बोलत नाही. जिथे स्पर्श झाला तिथेच ती उमटते. माझं सगळं पोट त्या एका गोष्टीवर चालतं.

सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी मी चर्चची बाराची घंटा झाल्यावर कारखान्याला कुलूप लावून वर जेवायला गेले. एक वाजता खाली आले तर दस्त्याच्या वरच्या कडेवर, जिथे गाल टेकतो तिथे, काळा डाग. माझाच अंगठा लागला असणार, दुसरं काय? मी पॉलिश कागदाने तो काढला.

बुधवारी तो पुन्हा तिथेच होता. त्या दिवशी जेवायला जाण्याआधी मी हात धुतले होते, हे मला चांगलं आठवत होतं. गुरुवारी जाताना मी दस्त्यावर स्वच्छ फडकं टाकून गेले. फडकं घडी घालून बाजूला ठेवलेलं सापडलं, आणि डाग होता. मला आधी राग आला तो किलियानचा. पण किलियान आयुष्यात कधी फडक्याची घडी घालत नाही.

डाग नुसता कडेवर नव्हता. कडेवरून पलीकडे ओघळल्यासारखा गेला होता. ज्या बाजूला कुणाचाही गाल कधी जात नाही, त्या बाजूला.

३

शुक्रवारी आमच्याकडे काझनुडेल असतात, चीज आणि पुदिना भरलेल्या उकडलेल्या करंज्याच म्हणा. किलियान सहावी खात होता आणि गावातल्या बातम्या सांगत होता. त्यातच त्याने सांगितलं की लाम्बर्ट विझरनी आस्टाला वनरक्षकाकडे देऊन टाकलं.

"दिलं म्हणजे? फिरायला?"

"दिलं म्हणजे दिलं. पट्टा, ताटली, गोधडी, सगळं."

माझा काटा हातातच राहिला. शिकारी माणूस कुत्री देऊन टाकतो, तेव्हा आमच्याकडे लोक त्याच्या घरी, माणूस ठीक आहे ना ते बघायला, काहीतरी निमित्त काढून डोकावून येतात. किलियानलाही ते ठाऊक होतं, म्हणूनच तो खाली मान घालून खात होता.

तेवढ्यात खालून आवाज आला. खट्‌-खटक्‌. थोडं थांबून, खटक्‌-खट्‌.

हा आवाज मी पाळण्यात असल्यापासून ऐकते आहे. बोल्ट उघडला, मागे घेतला. पुढे ढकलला, मिटला.

"शेजारचं शटर," किलियान म्हणाला.

"शटर दोनदा दोनदा वाजतं होय?"

आम्ही दोघं बसून ऐकत राहिलो. पुन्हा तेच. खट्‌-खटक्‌. मग एखादा माणूस श्वास रोखतो तेवढी शांतता. मग खटक्‌-खट्‌. मी खाली गेले तेव्हा कुलूप जागेवर होतं. हत्यारांचा कारखाना आहे, कुलूप साधं नाही आणि किल्ल्या दोनच, दोन्ही आमच्या खिशात. दस्ता मेजावर पडला होता, कडेवर ताजा डाग घेऊन. लाम्बर्टच्या रायफलीचं लोखंड त्या दिवशी किलियानच्या कपाटात बंद होतं. माझ्या मेजावर होतं ते नुसतं लाकूड, आणि लाकडाला बोल्ट नसतो.

४

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. मोजून बघता येतं तेवढंच मी मानते. म्हणून सोमवारी मी उलटा खेळ केला. दस्त्याची संपूर्ण वरची बाजू दिव्यावर धरून काळी केली, लोखंडाला करतो तशी. आता जो कोणी टेकेल तो काजळी पुसून नेईल आणि स्वतःचा ठसा ठेवून जाईल. बाराची घंटा झाली, मी कुलूप लावलं, वर जाऊन सूप प्यायले आणि कान झाकले.

एक वाजता मी तो दस्ता खिडकीशी नेला. काळ्यावर फिकट ठसा स्पष्ट होता. जबड्याचं हाड. दोन दिवसांच्या दाढीचे बारीक ओरखडे. कानाच्या पाळीचा कोपरा. वर डोळ्यापाशी सुरकुत्यांचा पंखा, म्हाताऱ्या माणसाचा. मी दस्ता घेऊन स्टुलावर बसले.

माणूस घाबरला तरी डोळे आपलं काम करतातच. बसल्या बसल्या मी तो ठसा वाचायला लागले. हा माणूस उजव्या खांद्यावर दस्ता घेतो. पण मान कडेवरून इतकी पलीकडे झोकून देतो की हनुवटी दुसऱ्या बाजूला उतरते. अशी मान कुणी का मोडेल? एकाच कारणासाठी. डावा डोळा नळीच्या रेषेत आणायला.

मी कोपऱ्यातल्या त्या बिननावाच्या पुठ्ठ्याकडे पाहिलं. असा बाक का ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. लढाईत एक डोळा गमावून आलेल्या कुणासाठी आजोबांनी तो कापला असणार. खांदा उजवा, डोळा डावा, आणि मधलं अंतर लाकडाने चालून जायचं.

मग माझं हे गिऱ्हाईक कोण होतं? लाम्बर्टचे दोन्ही डोळे तर मी परवाच पाहिले होते, चांगले निळे.

५

मी काय केलं ते किलियानला सांगितलं नाही. वडिलांनी माळ्यावर एक जाड अक्रोडाची फळी ठेवली होती, दोन दस्ते निघतील एवढी रुंद. ती मी खाली आणली. सकाळी लाम्बर्टचा सरळ दस्ता, भिंतीवरच्या मापाने. दुपारी दुसरा, ठशाच्या मापाने. एकाच रायफलीचे दोन दस्ते. एक सरळ, एक वाकडा.

वाकड्याचं माप मला कुणी दिलं नव्हतं, तरी रोज मिळत होतं. मी त्याला बाक द्यायची, काळा करायची, जेवायला जायची. खाली येऊन बघायची तर ठसा. आज कडा दोन मिलिमीटर उंच आहे. आज हनुवटीला टोचतंय. आज जवळजवळ. घाबरून घाबरून माणूस किती घाबरणार? चौथ्या-पाचव्या दिवशी मला भीतीबरोबर दुसरंही काही वाटायला लागलं होतं. वडील गेल्यापासून माझं काम इतकं बारकाईने कुणी तपासलं नव्हतं.

फक्त तो आवाज मला सहन होत नव्हता. खट्‌-खटक्‌. त्या दोन आवाजांच्या मधल्या शांततेत कुणीतरी जिवाच्या आकांताने काहीतरी बघायचा प्रयत्न करतंय, हे जिन्यावरूनही कळायचं.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी दोन्ही दस्ते काळे करून शेजारी शेजारी ठेवले. परत आले तेव्हा सरळ दस्ता जसाच्या तसा काळा होता. वाकड्यावर ठसा होता, गालाच्या बरोबर मधोमध. कडेला कुठेही ओरखडा नाही, ओघळ नाही. माझ्या तोंडून "बसला" असं निघून गेलं. उत्तराला कारखान्यात काही हललं नाही, बरंच झालं.

मी किलियानकडून लोखंड मागून घेतलं आणि वाकड्यात बसवायला लागले. तो बराच वेळ दारात उभा राहून त्या बाकाकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "लाम्बर्ट हे बघून तुला चपलेनं मारतील."

"मारू देत. तेवढ्यासाठी तरी खाली येतील."

ते दहा दिवसांत आले नव्हते.

६

लोखंड पूर्ण बसलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, आम्ही वर जेवत होतो. घंटा थांबली आणि खाली आवाज सुरू झाला. मी करंजीचा तुकडा तोंडात टाकला होता. का कोण जाणे, तो गिळायचंही न थांबता मी उठले आणि जिना उतरले. दोन आठवडे मी मुद्दाम एक वाजेपर्यंत थांबत होते. भीती वाटायची, हे सरळच सांगते.

कारखान्याच्या दाराला वरच्या अर्ध्या भागात काच आहे, लाकडाच्या भुशाने कायम धुरकट. मी तोंड काचेला लावलं.

खिडकीकडे तोंड करून एक माणूस उभा होता. पाठमोरा. हिरवट राखाडी लोकरीची बंडी. उजवा कोपर उचललेला, रायफल खांद्याला असताना उचलतात तसा. मान कलती. त्याच्या पायांत बूट नव्हते, नुसते राखाडी मोजे, आणि उजव्या अंगठ्याशी हिरव्या लोकरीने रफू केलेलं. मेजाखाली लाकडाच्या सालपटांचा ढीग असतो. तो त्यावर उभा होता आणि सालपटं दबलेली नव्हती.

ती बंडी मला ओळखीची होती. हिल्डाने विणली होती.

त्याने मान थोडी वळवली. पूर्ण नाही. मी डोळे मिटले की मिटले गेले, ते सांगता येणार नाही. उघडले तेव्हा खिडकीतला उजेड तेवढा होता. मी कुलूप काढून आत गेले आणि वाकड्या दस्त्यावर, गालाच्या जागी, हात ठेवला. तो गरम होता, कुणी नुकताच उठून गेलेल्या उशीसारखा.

मी लाम्बर्टच्या घरी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वीस वेळा वाजू दिला. मग माझ्या लक्षात आलं की माझा दुसरा हात भिंतीवर गेलाय आणि विझर नावाच्या खिळ्यावरून मी पुठ्ठा उतरवते आहे. शवपेटीसाठी उतरवतात तसा. मी तो हात जळल्यासारखा मागे घेतला.

करंजीचा घास तोवर माझ्या तोंडातच होता.

७

त्सेलच्या वाटेला वीस मिनिटं लागतात. रायफल पिशवीत घालून मागच्या सीटवर ठेवली होती, वळणावर ती घसरली की मी एक हात मागे नेऊन ती सावरायचे. किलियान बरोबर येतो म्हणत होता. मी त्याला दुकान उघडं ठेवायला सांगितलं. त्यांना काही झालं असेल तर आधी मीच बघावं, असं मला वाटत होतं. माप न घेणारी मीच होते ना?

घर शांत होतं. चुलीचा धूर नाही. कुत्रीचं खोपटं रिकामं, साखळी नीट गुंडाळून खिळ्याला. पुढचं दार उघडं, वीतभर. मी हाक मारली. ओसरीवर त्यांचे बूट होते, शेजारी शेजारी, पुसलेले.

मग स्वयंपाकघरातून आवाज आला. खट्‌-खटक्‌.

मी तिथेच भिंतीला हात लावून उभी राहिले. थोडा वेळ गेला. खटक्‌-खट्‌. तोच आवाज. पण इथून, जवळून, त्यात काहीतरी ओलसर होतं. लोखंडाचा नव्हता तो.

मी दार ढकललं.

लाम्बर्ट खिडकीपाशी उभे होते, पाठमोरे, हिल्डाच्या बंडीत. उजव्या खांद्याला त्यांनी चालायची काठी लावली होती, मान कलती करून. पायांत राखाडी मोजे. उजव्या अंगठ्याशी हिरवं रफू. ते बाहेरच्या फाटकावर नेम धरत होते आणि तोंडाने, जीभ टाळूला लावून, आवाज करत होते. खट्‌-खटक्‌.

"लाम्बर्ट," मी म्हणाले.

ते वळले. चोरी करताना सापडलेल्या पोरासारखे. काठी खाली गेली. त्यांच्या उजव्या जबड्यावर काळा डाग होता, अंगठ्याएवढा. चूल थंड होती, घरात कुठे काजळी नव्हती.

"फोन का उचलत नाही?"

"नेम धरताना मी फोन घेत नाही." आणि मग एकदम त्यांचे खांदे पडले. ते खुर्चीत बसले. "झिटा, उजव्या डोळ्यात मधोमध राखाडी ठिपका आलाय. गेल्या वर्षापासून. जिथे बघेन तिथे तोच. डॉक्टर म्हणाला, आता जायचा नाही."

मला त्या मळक्या काचेची आठवण झाली. तीन रायफली, तीन महिने, आणि दोष दर वेळी रायफलीचा.

"मला का नाही सांगितलं?"

"तुझा बाप असता तर त्यानं अंगठा धरायला लावला असता. तेव्हा सांगावंच लागलं असतं." ते हे दोष देऊन म्हणाले नाहीत, त्यामुळे मला जास्त लागलं. "मला वाटलं, डाव्यानं जमेल. मान कलती करून. म्हणून रोज बाराच्या घंटेनंतर हे चालतं. मूर्खपणा आहे. पण डोळे मिटले की मला तुझा कारखाना दिसतो. अळशीच्या तेलाचा वास येतो. दस्ता हाताला लागतो, खरा. गेल्या आठवड्यापासून तर वाटायला लागलं, बसतोय." ते थांबले. "आज तू दारात उभी होतीस. काचेतून बघत होतीस. तुझ्या तोंडात घास होता."

मी बाहेर जाऊन गाडीतून पिशवी आणली.

रायफल त्यांच्या हातात देण्याआधी मी स्वतः बोल्ट उघडून रिकामी असल्याची खात्री केली, आणि मग जे ऑगस्टमध्येच करायला हवं होतं ते केलं. त्यांना उभं केलं आणि हात लांब करून अंगठा धरायला लावला. "उजवा मिटा. आता डावा." त्यांनी केलं. मग रुमाल ओला करून त्यांच्या जबड्यावरचा डाग पुसला. तो काय आहे ते त्यांनी विचारलं नाही.

त्यांनी तो बाक पाहिला. बराच वेळ पाहिला, बोट फिरवलं. मला वाटलं आता हा माणूस अपमान वाटून बाहेर काढणार. त्यांनी रायफल खांद्याला लावली. मान सरळ राहिली. गाल आपोआप जागी आला. माझ्या उभ्या आयुष्यात कुठलाही दस्ता कुणाला तसा बसलेला मी पाहिला नव्हता.

नळी हळूहळू खिडकीबाहेरच्या फाटकाकडे वळली. मग ते म्हणाले, "फाटकाला तीन खिळे आहेत. मधला गंजलाय."

त्यांनी बोल्ट उचलला, ओढला, ढकलला, मिटला. सवयीने त्यांचे ओठही हलले, पण आवाज आता लोखंडाचा होता. त्यांच्या डोळ्यांत, दोन्ही डोळ्यांत, पाणी होतं. माझ्याही होतं. मी ते लपवलं नाही.

"तेल लावायचंय अजून," मी म्हणाले. "पंधरा दिवस लागतील. घाई करू नका."

"तोवर मी कुठे जातोय?" असं म्हणून त्यांनी रायफल हळूच टेबलावर ठेवली आणि इकडेतिकडे काहीतरी शोधायला लागले. "तुझी गाडी आहे ना? मला वनरक्षकाकडे सोड. आस्टा आणायची आहे. तो माणूस तिला उरलेलं मटण घालतो, तिचं पोट बिघडतं."

ते तसेच बाहेर निघाले. फाटकापर्यंत गेले तेव्हा मी त्यांना हाक मारून सांगितलं की बूट घाला. त्यांनी खाली पाहिलं. मोज्याला एक अक्रोडाचं सालपट चिकटलं होतं, पातळ, गुंडाळी झालेलं. ते त्यांनी काढून बघितलं, खिशात ठेवलं आणि ओसरीवर बूट घालायला बसले.

८

नवा पुठ्ठा मी त्याच संध्याकाळी कापला. लाम्बर्टनी बजावलं होतं की खिळा चांगला जाड ठोक, लवकर उतरवायचा नाहीये. मी चार इंची ठोकला. जुना पुठ्ठा वडिलांच्या हातचा होता म्हणून तोही मागे राहू दिला.

उत्सुकता म्हणून नवा पुठ्ठा त्या बिननावाच्या पुठ्ठ्याला लावून पाहिला. जुळला नाही. तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

त्यानंतर बाराच्या घंटेनंतर खाली काही वाजत नाही. किलियान म्हणतो, शेजाऱ्याने शटर दुरुस्त केलं. मी वाद घालत नाही. पण आता कुणीही आलं, कितीही ओळखीचं असलं, तरी मी आधी टेप काढते आणि अंगठा धरायला लावते.